दोष पावसाचा की हाताचा? पाण्यात टिकणाऱ्या गमची गोष्ट

मागच्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न कसा आखायचा ते पाहिलं. पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना पुढची पायरी जास्त छळते, हे मला माहीत आहे. एखादी घटना घडली, पुरावे हातात आहेत, पण तिचं ‘कारण’ नक्की कसं ठरवायचं? इतिहासात प्रयोगशाळा नसते, भूतकाळ पुन्हा घडवून बघता येत नाही. मग ‘अमुकमुळे तमुक झालं’ असं लिहायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

आज हा मुद्दा मी एका फुटलेल्या सुकाणूवरून समजावणार आहे. विषय वाचून हसू नका. माझं काम ठाणे खाडीच्या काठावरच्या लाकडी होड्यांवर आहे, आणि या एका सुकाणूने मला जेवढी पद्धत शिकवली तेवढी दोन सेमिस्टरच्या कोर्सवर्कने शिकवली नाही.

झालं असं. माझे मामा नेरूळजवळ राहतात. त्यांची एक छोटी, बिनइंजिनाची होडी आहे, खाडीपुरती. तिचं सुकाणू कुजलं म्हणून सागाच्या दोन फळ्या जोडून नवीन करायचं ठरलं. मामा म्हणाले, “एवढी शिकलीस ना होड्यांवर, मग सांग, गम कुठला लावू?” मी ऐटीत दुकानात गेले, डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला पांढरा गम आणला. मार्चमध्ये जोड लावला. ऑगस्टमध्ये सुकाणू सांध्यातून सरळ उघडलं, पुस्तक उघडावं तसं. मी माझ्या वहीत लिहिलं: ‘पावसाळ्यामुळे जोड निकामी.’

हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

आधी विचारा: हा प्रश्न त्या काळात होता का?

‘होडीसाठी पाण्यात टिकणारा गम कोणता’ हा प्रश्न आपल्याला सनातन वाटतो. माणूस हजारो वर्षं होड्या बांधतोय, म्हणजे गमही शोधत असणार. मीही असंच गृहीत धरून जुनी वर्णनं चाळायला घेतली होती. पण गम सापडेना.

मुंबईच्या गोदीचं उदाहरण घ्या. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ च्या सुमारास मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने दीडशे वर्षं इथे जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं झाली. पण त्याचं अंग गमने चिकटवलेलं नाही. धातूचे खिळे आणि बोल्ट, फळ्यांच्या फटीत ठासलेला काथ्या आणि त्यावर डामर, एवढ्यावर ते उभं आहे.

अठराव्या शतकाच्या मध्याला मुंबईत येऊन गेलेल्या जॉन हेन्री ग्रोसने सुरतेच्या कारागिरांचं वर्णन केलं आहे. ते फळीला फळी नुसती टेकवत नसत. एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी तिच्यात बसवत, म्हणजे दोन्ही मिळून एकच फळी वाटावी. जहाजाच्या तळाला ते लाकडाचं तेल चोळत. इथेही गमचा पत्ता नाही.

याहून मागे गेलात तर खिळेही नाहीत. नौदलाची ‘कौंडिण्य’ ही नौका तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज आधाराला घेऊन ती गोव्यात बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, फटींत नारळाची काथी आणि राळ आहे.

मग सुतारांकडे गम नव्हताच का? होता ना. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला सरस घरातल्या फर्निचरला सर्रास वापरत. पण सरस पाण्यात विरघळतो. दुधातल्या केसीनपासून केलेला गम ओलाव्याला जास्त टिकतो, पण बुरशी तो खाते. म्हणजे विसाव्या शतकापर्यंत सुताराचं ज्ञान सोपं होतं: गम घरात, पाण्यात नाही. त्याने पाण्याशी भांडण न करता पाण्याचाच उपयोग केला. कोरडी होडी खाडीत उतरवली की सुरुवातीला पाणी धरते, मग फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. मामांना हे सांगावं लागत नाही.

पद्धतीचा पहिला धडा इथेच आहे. जुन्या साधनांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल, तर साधनं अपुरी आहेत असं लगेच म्हणू नका. कदाचित तो प्रश्नच तुमच्या काळातला असेल.

गम पाण्यात उतरतो

हा प्रश्न जन्माला आला तो रसायनशास्त्रामुळे. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं. याच घराण्यातले फिनॉलिक रेझिन १९३० च्या दशकात प्लायवूडच्या थरांमध्ये आले. उष्णता आणि दाब देऊन ते एकदा पक्के झाले की उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत. त्याच सुमारास युरिया आणि फॉर्माल्डिहाइडचा गम आला. तो स्वस्त, फिकट रंगाचा आणि साध्या तापमानाला पकडणारा. इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइनने १९३७ मध्ये ‘एरोलाइट’ नावाने तो विमानांसाठी आणला. याचं दुखणं असं की उष्णता आणि ओलावा एकत्र आले की त्याचे बंध हळूहळू तुटतात. १९४३ मध्ये रिसॉर्सिनॉलचा गम आला. तो समुद्रातल्या लाकडासाठी अनेक वर्षं सर्वांत भरवशाचा मानला गेला. आणि १९४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने ‘अराल्डाइट’ नावाने इपॉक्सी बाजारात आणलं.

तारखा बघा. सगळी घाई १९३० ते १९४६ मधली आहे. हे काही होड्यांच्या प्रेमापोटी झालं नाही. युद्ध होतं, धातूची टंचाई होती आणि लाकडाची विमानं बनवायची होती.

१९४४: पावसावर ढकललेला दोष

आता मुख्य गोष्ट. डी हॅविलँड कंपनीचं मॉस्किटो हे विमान नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडालं. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, आणि सगळं गमने जोडलेलं. सुरुवातीला केसीन, नंतर युरिया-फॉर्माल्डिहाइड. युरोपात त्याने नाव कमावलं. मग ते भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आलं. १९४४ च्या अखेरीस इथे काही विमानं हवेतच मोडून पडली, माणसं गेली, आणि मॉस्किटोची उड्डाणं थांबवावी लागली.

कारण काय? चौकशीसाठी भारतात आले मेजर हेरवर्ड डी हॅविलँड. आडनाव वाचलंत ना? विमान बनवणाऱ्या कंपनीच्याच घरातले. त्यांचा निष्कर्ष असा की गम खराब झालेला नाही. पावसाळ्यातल्या हवामानामुळे लाकूड आखडलं आणि त्यातून हे घडलं. म्हणजे दोष हवामानाचा.

ऐकायला हे अगदी पटतं. आपल्याकडचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला तर लगेच पटतं. दारं फुगतात, ड्रॉवर अडकतात, चपलांना बुरशी येते, मग विमानाचं काय घेऊन बसलात! पण गोष्ट इथे संपली नाही. त्यानंतरच्या चौकशीत दोष बांधणीचाच असल्याचं पुढे आलं. ब्रिटनच्या विमान-उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने डेफर्डला, म्हणजे इंग्लंडमध्येच, मॉस्किटो तपासली. कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन इथल्या कारखान्यांत बनलेल्या विमानांत तसेच दोष सापडले. या विमानांनी पावसाळा कधी पाहिलाच नव्हता. गम लावण्याचं कामच नीट झालेलं नव्हतं.

तरीही हवाई मंत्रालयाने जाहीरपणे हवामानाचंच कारण धरून ठेवलं. वैमानिकांचा विमानावरचा विश्वास उडू नये, हा हेतू. आज ‘मॉस्किटोचा गम भारताच्या पावसात विरघळला’ ही गोष्ट तुम्हाला लोकप्रिय लिखाणात सहज भेटते. ती तिथून आली आहे.

संशोधक म्हणून यात काय काय दिसतं, ते नीट बघू.

एक, अहवाल कोणी लिहिला. मेजर डी हॅविलँड खोटं बोलले असं म्हणायची गरज नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं-आखडतं हे खरंच आहे. पण ज्याच्या घराची इज्जत पणाला लागली आहे तो सर्वांत आधी घराबाहेरचं कारण बघतो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. साधन वाचताना ‘खरं की खोटं’ याच्या आधी ‘हे लिहिणाऱ्याला कुठलं उत्तर सोयीचं होतं’ हे विचारा.

दोन, तुलना. डेफर्डच्या पथकाच्या तपासणीतून नेमकं तेच मिळालं, जे आपण इतिहासात जमत नाही म्हणून सोडून देतो. ज्यावर कारणाचा आरोप आहे (पावसाळा), ते जिथे नव्हतंच अशा ठिकाणी तोच दोष दिसतो का? दिसला. म्हणजे पाऊस नसतानाही दोष होता. विज्ञानवाले याला कंट्रोल म्हणतात. इतिहासातही तो मिळतो, फक्त शोधावा लागतो. दुष्काळामुळे गाव ओस पडलं असं लिहिताय? मग शेजारचं, तेवढाच दुष्काळ सोसलेलं गाव का टिकलं, ते बघा.

तीन, मराठीत आपल्याकडे दोन फार चांगले शब्द आहेत: कारण आणि निमित्त. कच्चा जोड हे कारण. उष्ण, दमट हवा हे फार तर निमित्त. इंग्लंडच्या थंडीत कच्चा जोड काही वर्षं रेटून नेईल, इथे एका पावसाळ्यात उघडेल. प्रबंधात हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर गाईडचे निम्मे शेरे कमी होतील, अनुभवाने सांगते.

‘मरीन’ शब्द घरात कसा आला

आता आपल्या गावात येऊ. नवी मुंबईत कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात जा आणि ‘मरीन’ म्हणा. दुकानदार विचारणार, “किचनला लावायचंय का?” होडी त्याच्या डोक्यातही येणार नाही. ‘मरीन’चा अर्थ आता ओट्याखालची ट्रॉली असा झाला आहे.

या शब्दामागे भारतीय मानक आहे, आयएस ७१०. या प्लायवूडच्या थरांमध्ये फिनॉलिक रेझिन असतं आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का ते तपासलं जातं. घरगुती कामाचं ‘बीडब्ल्यूआर’ आणि ‘एमआर’ प्लायवूड याहून खालच्या परीक्षेचं. म्हणजे शिक्का मारलेल्या फळीत ‘मरीन’ हा शब्द पोकळ नाही. पण ही परीक्षा प्लायवूडच्या आतल्या गमची आहे. त्या दोन फळ्या तुम्ही एकमेकींना कशाने जोडता, याबद्दल शिक्का काहीच सांगत नाही.

अजून एक धागा आहे. या फिनॉलिक रेझिनचा कच्चा माल, म्हणजे फिनॉल, आपल्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात तयार होत होता. १९६० नंतर हा पट्टा रसायन उद्योगाचा झाला. १९६८ मध्ये नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला आणि हर्डिलिया केमिकल्सने इथे फिनॉलचं उत्पादन केलं. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, म्हणजे नवी मुंबई शहराच्याही आधी इथे कारखाने होते, आणि त्यांच्याही कितीतरी आधी दिवाळे, सारसोळे, वाशी इथले कोळीवाडे. ज्या खाडीत होड्या चालत, तिच्याच काठावर होड्या टिकवू शकणारं रसायन बनू लागलं, आणि त्याच पट्ट्याच्या सांडपाण्याने खाडीची मासळी कमी केली, असं जुने मच्छीमार सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात लिहाव्या लागतात. एक सोडून दुसरी लिहिली तर ती अर्धी ठरते.

आज दिवाळ्याच्या जेट्टीवर उभं राहिलात तर बऱ्याच होड्या फायबरच्या दिसतील. फायबर म्हणजे काय? काचेचे तंतू आणि रेझिन. लाकूड धरून ठेवायला आलेल्या रसायनाने हळूहळू लाकडाचीच जागा घेतली.

गमची नौका पृथ्वीप्रदक्षिणा करते

पण लाकूड आणि गम यांचा संसार नीट झाला तर काय होतं, याचंही उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली ‘म्हादेई’ फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाकडे आली. सुमारे ५६ फुटांची शिडाची नौका. लाकडाच्या पट्ट्या, त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. जिच्या अंगात लाकूड आणि गम आहे, ती नौका गोव्याच्या दमट हवेत बांधली गेली आणि दक्षिण महासागराच्या लाटा झेलून आली. म्हणजे ‘आपल्या हवेत असं काम टिकत नाही’ हे विधानही तपासून बघायला हवं.

आणि आमचं सुकाणू

मॉस्किटोच्या चौकशीबद्दल वाचत होते, तेव्हा रात्री अकरा वाजता मला एकदम आठवलं. मार्चमध्ये जोड लावताना उरलेल्या दोन सागवानी तुकड्यांनाही मी तोच गम लावून दाबून ठेवलं होतं. सहज, गम उरला म्हणून. तो तुकडा माझ्या कपाटात पुस्तकांमागे पडला होता. पाण्याचा थेंबही त्याला लागलेला नव्हता. माझं डेफर्ड कपाटातच होतं!

दुसऱ्या दिवशी मामांसमोर त्यात पटाशी घातली. एका ठोक्यात दोन तुकडे झाले. लाकडाचा एक धागाही उपटला नाही. एका बाजूला गमचा गुळगुळीत पापुद्रा, दुसरी बाजू जवळजवळ कोरी. मामांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, “रंधा कधी मारला होतास?” महिनाभर आधी. “आणि गम लावून शिकंजा कधी कसला?” मध्ये जेवायला गेलो होतो. मामा काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. सागाचं तेल पृष्ठभागावर आलं होतं आणि गमवर साय धरल्यावर आम्ही फळ्या दाबल्या होत्या.

त्यात मूळ निवडही चुकलेली होतीच. पांढरा गम, म्हणजे पीव्हीए, सुधारित असला तरी सतत पाण्यात बुडणाऱ्या जोडासाठी नसतो. युरोपीय मानकातला सर्वांत वरचा डी-४ हा वर्गसुद्धा पावसापाण्याला तोंड देणाऱ्या उघड्यावरच्या लाकडासाठी आहे, आणि त्यालाही वरून रंग-वार्निशचं संरक्षण अपेक्षित आहे. बागेतल्या बाकाला तो चालेल, सुकाणूला नाही. पण चांगला गम आणला असता तरी त्या दिवशीच्या हाताने तो जोड कच्चाच झाला असता, हे कपाटातल्या तुकड्याने सांगितलं. वहीतलं ‘पावसाळ्यामुळे’ मी खोडलं नाही. त्यावर एक रेघ मारली, तारीख टाकली आणि खाली नवीन नोंद केली. फील्डच्या वहीत चूक पुसायची नसते. आपण कधी काय समजत होतो, तोही पुरावाच आहे.

कोणाला खरंच होडीचं काम करायचं असेल तर आता थोडक्यात सांगते. पाण्याखाली राहणाऱ्या जोडाला इपॉक्सी किंवा रिसॉर्सिनॉल. रिसॉर्सिनॉलला सांधा अगदी घट्ट बसलेला आणि दाब भरपूर लागतो, शिवाय काळपट लाल रेघ दिसते. इपॉक्सी थोडीफार फट भरून काढतं, फार दाबलं तर उलट सगळं बाहेर येतं; पण कडक उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या लाकडात ते मऊ पडू शकतं. सागाला त्याच दिवशी रंधा मारा, ॲसिटोनने पुसा, मग गम लावा. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असलेला बरा. भर पावसाळ्यात आपल्याकडे उघड्यावरचं लाकूड १८-२० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. आणि प्रत्येक वेळी त्याच लाकडाचा, त्याच गमचा एक जास्तीचा तुकडा जोडून कोरड्या जागी ठेवा.

हा शेवटचा सल्ला होडी न बांधणाऱ्यांसाठीही आहे. तुमच्या प्रबंधात जे कारण तुम्हाला सर्वांत आधी सुचलं, जे सगळ्यांना पटकन पटतं आणि जे कोणाच्याच अंगावर येत नाही, त्याच्यावर आधी संशय घ्या. दुष्काळ, परकीय सत्ता, ‘लोकांची मानसिकता’, पाऊस. यातलं काही खरंही असेल. पण ते जिथे नव्हतं अशी एक जागा शोधा आणि तिथे काय झालं ते बघा, मगच ‘मुळे’ हा प्रत्यय लावा.

नवीन सुकाणू नोव्हेंबरमध्ये इपॉक्सीने जोडलं. सोबत दोन तुकडे केले. एक मामांच्या अंगणात खाडीच्या पाण्याच्या बादलीत आहे, दुसरा माझ्या कपाटात. या वर्षीचा पाऊस संपला की दोन्हींत पटाशी घालणार आहोत. निकाल काहीही लागो, तुम्हाला कळवेन.